नदीचा वास काढून टाकलेली गोष्ट

गोष्ट सांगायलाही राजाचा परवाना लागत असे, इतक्या जुन्या काळची ही हकीकत. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर ऐकावीच.

त्या राज्यात एक कथाशाळा होती. तिथे शिकल्याशिवाय परवाना मिळत नसे. नदीकाठच्या रंगाऱ्यांच्या वस्तीतली एक मुलगी तिथे शिकायला आली. सकाळी ती आचार्यांपुढे बसे, दुपारी नवख्या मुलांना शिकवी. त्याबद्दल तिला जेवण मिळे.

शाळेची एक रीत होती. शिष्याची पहिली गोष्ट तीन आचार्य ऐकत आणि प्रत्येक जण तिच्यातलं काहीतरी काढून टाके. काढायलाच हवं का, हे कोणी विचारत नसे.

मुलीने आपल्या आईची गोष्ट रचली. राजाच्या टाकसाळीचं जहरी, उग्र वासाचं पाणी नदीत येतं, कापड धुताना आईचे हात सोलपटतात, आणि ती घाटावर उभी राहून टाकसाळीच्या कारभाऱ्याला शिव्या घालते.

“नदीचा वास काढ,” पहिले आचार्य म्हणाले. “दरबारात लोक जेवून बसलेले असतात.”

“शिव्या काढ,” दुसरे म्हणाले. “आई कशी सोशिक हवी.”

तिसऱ्यांना डुलकी लागली होती. जागे होऊन ते म्हणाले, “टाकसाळ कशाला मध्ये? नदी आपोआप खराब झाली, असं कर की.”

परवाना हवा होता. तिने मुकाट्याने सगळं काढलं. गोष्ट दरबारात गाजली, तिची पोथी झाली, मुलीला शाल मिळाली. मग तीही वर्गात तसंच करू लागली.

“हे वाक्य काढ,” तिने एका मुलाला सांगितलं.

“पण बाई, माझे आजोबा असंच बोलतात.”

“बोलू देत. गोष्टीत नको.”

सुट्टीत ती घरी गेली आणि आईला गोष्ट ऐकवली. आई रंगाच्या कढईशी बसली होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, “बरी आहे गं. कुणाच्या आईची म्हणायची ही?”

मुलगी उठून बाहेर पडली. ती वस्तीत नुसती येरझाऱ्या घालत राहिली. शाळेत परतली तेव्हा उत्सवाची सभा भरली होती. ती उभी राहिली आणि काढलेलं सगळं परत घालून तिने गोष्ट सांगितली. पहिल्या रांगेने नाकाला उपरणी लावली.

आचार्यांनी तिचा परवाना काढून घेतला, शिकवणं बंद केलं. पोथी मात्र ठेवून घेतली. पोथीत होतंच काय?

नदीत अजून तेच पाणी येतं. मुलगी तीच गोष्ट सांगत गावोगाव हिंडते. शिपाई तिला कुठे टिकू देत नाहीत. पण टाकसाळीच्या दाराशी आता रोज माणसं येऊन उभी राहतात आणि विचारतात, “हे पाणी कधी थांबवता?”

तात्पर्य: जिची गोष्ट तिलाच ओळखता येत नसेल, तर ती कितीही गाजली तरी खोटीच.