आवडाराणीचं ताक

एका राज्यात वैशाखाचं ऊन असं पडे, की दुपारी दगडसुद्धा उठून सावलीला जात. त्या राज्याच्या राजाचं नाव उग्रभान. नावावर जाऊ नका. माणूस लोण्यासारखा मऊ होता. खाण्यापिण्याची आवड दांडगी, रागवायचं मात्र त्याला कधी जमलंच नाही. त्याची राणी आवडा, एका लहानशा गढीवरची लेक. लग्नाला बारा वर्षं झाली होती, तरी दोघं एकमेकांकडे बघून हसत. दरबारातल्या जुन्या मंडळींना ते जरा अतीच वाटे. वाटो बापडं.

राजवाड्यात सगळा कारभार मानपानावर चाले. पाणीसुद्धा मानाप्रमाणे! आधी मानकऱ्यांना, मग सरदारांना, मग शिलेदारांना, आणि उरलंच तर इतरांना. एका दुपारी एक अनवाणी म्हातारा दाराशी आला आणि म्हणाला, "पाणी."

चोपदाराने विचारलं, "आपला मान कितवा?"

म्हाताऱ्याला काही सांगता येईना. मग कारभारी आले, शास्त्री आले, वाद झाला, वादातून रुसवा झाला. पाण्याचा तांब्या चोपदाराच्या हातात तसाच राहिला आणि म्हातारा उन्हात तसाच. राजा आत वाळ्याच्या पडद्यांआड झोपला होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. दिवस कलला तेव्हा म्हाताऱ्याने काठी आपटली. तो जादूगार निखारनाथ होता.

"या वाड्यात जे चुलीवर चढेल त्याचा कोळसा होईल," तो म्हणाला. "आणि ज्याच्या नावाने हा मान चालतो, त्याच्या ओठांना जे लागेल ते उकळेल."

एवढं बोलून तो धूर होऊन निघून गेला.

झालं! भाताचा कोळसा, वरणाचा कोळसा, पुरणपोळी उलटायला जावं तर तव्यावर कोळशाची चकती. मुख्य आचारी गुंडोपंत डोक्याला हात लावून बसले. बावन्न पदार्थांचं ताट वाढणारा माणूस तो. विस्तवाशिवाय स्वयंपाक असतो हेच त्यांना मान्य नव्हतं.

तेव्हा आवडाराणी पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली. राणीने तिथे पाऊल टाकायची रीत नव्हती, पण त्या दिवशी रीत सांगायला कुणाच्या अंगात त्राण होतं?

"माझ्या माहेरी वैशाखात दुपारची चूल पेटतच नसे," ती म्हणाली. "पंत, काकडी चोचवा. डाळ भिजत घाला. उद्या कैरी घालून वाटू. कोकमं पाण्यात टाका. नारळ फोडा, दूध काढा, त्यात कोकमाचा आगळ घाला. चला, उठा!"

गुंडोपंत कुरकुरत उठले. संध्याकाळी वाडाभर सोलकढीच्या वाट्या फिरल्या, वाटल्या डाळीचे मुटके दुसऱ्या दिवशी चाटूनपुसून संपले, आणि खुद्द गुंडोपंतांनी कुणी बघत नाहीसं पाहून तिसऱ्यांदा कोशिंबीर वाढून घेतली. वाडा जगला. पण राजाचं काय? गार सोलकढीची वाटी त्याच्या ओठांशी नेली की ती खदखदा उकळे. दह्याचा चमचा नेला की वाफ निघे. काकडीची फोडसुद्धा ओठावर चर्र करी. आठ दिवस झाले. राजाचे ओठ भेगाळले, डोळे आत गेले. वैद्य म्हणाले, "अजून तीन दिवस. पुढचं आमच्या हाती नाही."

राणीने ठरवलं, त्या तहानलेल्या म्हाताऱ्याला शोधायचं आणि आपल्या हातचं खाऊ घालून शाप मागे घ्यायला लावायचं. तिने टोपली भरली. कैऱ्या, गूळ, वेलदोडे, नारळ, पातळ पोहे, कांदा, मिरच्या, लिंबं, कोथिंबीर, आल्याचा तुकडा, थोडं जिरं, दह्याचं मडकं, एक रिकामं मडकं, किसणी, पेला, वाटी आणि एक लाकडी रवी. राजाने तिचं मनगट धरलं आणि कसाबसा बोलला, "आवडे, जाऊ नकोस. त्या उन्हात तुझं काय होईल?"

"अहो, तुम्ही गप्प पडून राहा बरं," राणी म्हणाली. तिने त्याच्या कपाळावरचं ओलं फडकं बदललं आणि मागे न बघता निघाली. मागे बघितलं असतं तर पाय निघाला नसता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला एका पळसावर सातभाई भेटले. पक्षीच ते, पण नुसता कलकलाट करणारे नव्हेत. हे माणसासारखे बोलत. सातही जण एकदम बोलत, एवढीच अडचण. राणीने प्रत्येकाला कैरीचा एक तुकडा दिला. तोंडं आंबली तेव्हा कुठे एकेकाने बोलायला सुरुवात केली.

"निखारनाथ समोरच्या काळ्या डोंगरात राहतो," थोरला म्हणाला.

"त्याच्याकडे सोन्याचे सात हंडे आहेत. पण त्यातलं पाणी सदा उकळतं, म्हणून त्याला प्यायला काही नाही," दुसरा म्हणाला.

"शंभर वर्षांत त्याने मीठ खाल्लेलं नाही," सर्वांत धाकटा म्हणाला. "ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्या घराचं वाईट करता येत नाही ना! म्हणून तो कुणाचंच मीठ खात नाही. राणीबाई, चिमूटभर मीठ पदराला बांधा आणि हळूच घाला त्याच्या वाटीत. काम फत्ते!"

त्याने चोचीने एक खडा मीठ आणून दिलं. राणीने ते कुस्करून पदराच्या टोकाला गाठ मारली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती डोंगरावर पोचली. निखारनाथ एका तापलेल्या शिळेवर बसला होता. आजूबाजूला सोन्याचे हंडे खदखदत होते. जवळून बघितलं तर म्हातारा अगदीच वाळलेला होता, उन्हात विसरलेल्या पापडासारखा. राणीच्या मनात राग भरून आला होता, तो त्याला बघून थोडा ओसरला.

"नाथबाबा, माझ्या नवऱ्याला सोडा," ती म्हणाली.

"तीन वेळा मला वाढ," निखारनाथ म्हणाला. "पहिल्याने तहान जावी, दुसऱ्याने भूक जावी, तिसऱ्याने छातीतली आग जावी. तीनही वेळा मी आपण होऊन 'आणखी वाढ' म्हणालो, तर शाप मागे घेईन. अटी तीन. विस्तव नाही. मीठ नाही. आणि आग्रह करायचा नाही."

पहिल्या दोन अटी ठीक होत्या. पण तिसरी! जेवणाऱ्याला आग्रह करायचा नाही म्हणजे राणीची जीभच बांधून ठेवल्यासारखं.

"आणि सूर्य बुडेपर्यंत जमलं नाही तर?" तिने विचारलं.

"तर राजाचा शाप कायमचा."

राणीने ओढ्याच्या कोरड्या पात्रात हातांनी झरा उकरला. नखं दुखावली, पण ओंजळभर गार पाणी लागलं, मग मडकंभर लागलं. तिने कैऱ्या किसल्या, गुळात मिसळून सावलीत ठेवल्या. गुळाला पाणी सुटलं, कैरीला रस सुटला. तिने झऱ्याचं पाणी ओतलं, गाळलं, वर वेलदोडा कुटून घातला आणि मातीचा पेला त्याच्या हातात दिला. निखारनाथाने एक घोट घेतला, दुसरा घेतला, मग पेला पार उपडा केला.

"आणखी," तो म्हणाला, आणि आपणच बोललो हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं.

मग तिने नारळ फोडला. पातळ पोह्यांवर नारळाचं पाणी शिंपडलं, ओलं खोबरं, कांदा, मिरची, कोथिंबीर घातली, लिंबू पिळलं. वर पानं झाकून त्यावर एक जड दगड ठेवला आणि पोहे दडपले. दोन घटकांनी दगड काढला तर पोहे मऊ, मोकळे, खोबऱ्याच्या वासाने भरलेले. निखारनाथ पहिला घास घेऊन थांबला. बिनमिठाचे पोहे ते, काय चव लागणार! राणीच्या ओठांवर आलं होतं, "घ्या ना थोडे, माझी शपथ आहे." तिने जीभ चावली. म्हातारा हळूहळू चावत राहिला. लिंबाने तोंडाला पाणी सुटलं, खोबऱ्याने गोडी आली. पळसाचं पान रिकामं झालं, आणि तो पानाकडे बघत राहिला.

"थोडेसे वाढ," तो म्हणाला. "अगदी थोडेसे."

राणीने चांगले दोन मुठी वाढले. त्याने तेही संपवले.

आता उरलं तिसरं. सूर्य डोंगराच्या कडेला टेकायला आला होता. तिने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं दही काढलं. रवी फिरवली, लोणी काढलं, पाणी घातलं, आलं ठेचून घातलं, जिरं चुरडून घातलं, कोथिंबिरीची पानं हातांनी तोडून टाकली. ताक झालं. पांढरं, गार, फेसाळ. आणि आळणी. ताकात मीठ नसलं की काय होतं ते ज्याने प्यायलंय त्यालाच ठाऊक.

तिचा हात पदराच्या गाठीकडे गेला. निखारनाथ पलीकडे तोंड करून बसला होता. एक चिमूट, की काम फत्ते, राजा वाचला. गाठ सुटलीसुद्धा. पण खाली बसून, वाटीची वाट बघणाऱ्या त्या म्हाताऱ्याची वाळकी मान तिला दिसली. पानावर बसलेल्या माणसाला फसवायचं? शत्रू झाला म्हणून काय झालं, आता तो तिच्या हातचं जेवत होता. तिला रडू आलं. तिने गाठ पुन्हा घट्ट मारली आणि आळणी ताक त्याच्यापुढे ठेवलं.

निखारनाथाने घोट घेतला. वाटी खाली ठेवली. दुसरा घोट घेतला नाही.

सूर्याची कड डोंगराआड गेली. राणीला आग्रह करायची सोय नव्हती, आणि करणार तरी काय तोंडाने?

"यात काहीतरी कमी आहे," तो म्हणाला.

"मीठ कमी आहे, बाबा."

"तुझ्यापाशी आहे?"

"आहे. पदराला बांधलंय."

"मग घातलं का नाहीस? मी काही बघत नव्हतो."

"तुम्ही नको म्हणाला होतात," राणी म्हणाली. "माझा नवरा तिकडे तडफडतोय. मनात आलं होतं घालावं, खोटं कशाला बोलू? पण ताटावर बसवून कुणाला फसवावं, असं मला माझ्या आईने शिकवलं नाही. आता काय करायचं ते करा."

निखारनाथाने वाटी पुन्हा जवळ ओढली. मग त्याने आपला हात पुढे केला, तळवा वर.

"दे."

"बाबा, मीठ खाल्लंत तर माझ्या घराशी बांधले जाल. ठाऊक आहे ना?"

"शंभर वर्षं ठाऊक आहे," म्हातारा म्हणाला. "कुणाशी बांधलं जायचं नाही म्हणून आळणी खात आलो, आणि खाल्लेलं काही अंगी लागलं नाही. दे मुली, लवकर दे. सूर्य चालला."

तिने गाठ सोडली. त्याने स्वतः चिमूट घेतली, वाटीत टाकली, बोटाने ढवळली आणि एका दमात ताक पिऊन टाकलं. ओठांवर पांढरी मिशी उमटली. सूर्याची शेवटची कोर उरली होती तेवढ्यात तो म्हणाला, "आणखी वाढ!"

सोन्याच्या हंड्यांतलं पाणी निवलं. डोंगर काळ्याचा करडा झाला. शाप मोडला, आणि मोडताना त्याचा काही आवाजसुद्धा झाला नाही.

निखारनाथाने काठी आपटली, आणि राणी तिच्या टोपलीसकट वाड्याच्या दारात उभी राहिली, शेजारी तोही. आत चुली पेटल्या होत्या. गुंडोपंत तव्यावरच्या पोळीकडे बघून लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. पुढे निखारनाथाने वेशीवर पाणपोई घातली आणि तिथेच ठाण मांडलं. येईल त्याला वाळ्याचं पाणी आणि गुळाचा खडा. कुणी आपला मान सांगू लागलं, की तो त्याला रांगेत सर्वांत मागे उभं करी. चोपदारालासुद्धा.

पण हे सगळं नंतर. त्या संध्याकाळी राणी कुणाशी न बोलता थेट आतल्या महालात गेली. मडक्यात ताक उरलं होतं. तिने राजाचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटी त्याच्या ओठांना लावली. ताक उकळलं नाही. वाफ निघाली नाही. राजा प्यायला. दुसरी वाटी प्यायला, तिसरी प्यायला, आणि मग डोळे उघडून नीट बघू लागला.

तीन दिवस उन्हात चालताना जी बाई अडखळली नव्हती, ती तिथे हमसाहमशी रडू लागली.

"अगं वेडे," राजा घाबरून उठून बसला, "मी प्यायलो ना! बरा झालो ना! आता कशाला रडतेस?"

"अहो, म्हणूनच तर," राणी म्हणाली.

त्या घरचा ताप निवला. ऐकणाऱ्यांच्याही घरी माठ भरलेला राहो.