बकुळा कासारणीची नखं

नदीकाठच्या एका गावात बकुळा नावाची कासारीण राहायची. बांगड्या भरण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. नवरीचा हात कितीही राठ असो, बकुळा साबणाचं पाणी लावी, अंगठ्याचं हाड बोटांनी चाचपी आणि काचेची बांगडी अल्लद मनगटावर उतरवी. बघायचीसुद्धा नाही. सगळी अक्कल तिच्या बोटांच्या टोकांत होती.

एका लग्नघरी नवरीची मैत्रीण म्हणाली, "मावशी, नवरीचं राहू द्या, आधी तुमचेच हात सजवा." बकुळाची झिजलेली नखं बघून साऱ्या पोरी हसल्या. बकुळाला ते लागलं. त्या पोरीला दोन शब्द सुनवायचे सोडून ती दुसऱ्या दिवशी पार्लरात गेली आणि लांब खोटी नखं चिकटवून आली.

पंधरा दिवसांत बोटं खाजायला लागली. मग फोड आले, कातडी चिरली, पापण्या सुजल्या. ती म्हणे, साबण बाधला. तीस वर्षं जो बाधला नाही, तो आताच बरा बाधला.

तालुक्याच्या कातडीच्या डॉक्टरने बजावलं, की ही नखं ज्याने चिकटवतात त्या मसाल्याची ॲलर्जी आहे. आजच काढा, पुन्हा जन्मात लावू नका.

बकुळा म्हणाली, "लग्नसराई होऊ द्या. असली बोटं घेऊन बायकांत कशी बसू?"

आणि सुजलेलं दिसू नये म्हणून तिने वरून त्याच मसाल्याचा आणखी एक रंगीत थर लावून घेतला. झाकलं की दुखणं बरं होतं, असं समजणाऱ्यांना कोण काय सांगणार.

वैशाखात पाटलांच्या पुष्पलतेचा चुडा होता. बकुळाने तिचा हात धरला, हाड चाचपलं. बोटांना काही कळेना. पार बधिर झाली होती. तेव्हाच उठायचं, पण चार बायकांत उठणार कशी? तिने अंदाजाने बांगडी दाबली. काच फुटली आणि नवरीच्या मनगटात घुसली. हळदीच्या अंगावर रक्त आलं.

नवरीची आई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बकुळाबाई, तुम्ही घरी जा." शेजारच्या गावच्या कासाराला बोलावणं गेलं. पुढे सगळीकडे त्यालाच जाऊ लागलं.

खोटी नखं निघाली, पण जाताना खरी घेऊन गेली. खरी वर्षाने वेडीवाकडी उगवली. बोटांतलं कळणं काही परतलं नाही. संक्रांतीला नातीने बांगड्या भरायला हात पुढे केला, तेव्हा बकुळाने आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

तात्पर्य: ज्या हातांवर पोट आहे, ते लोकांच्या हसण्यापायी नासवू नयेत, आणि अंग ओरडून सांगत असेल तर तेव्हाच ऐकावं, ते पुन्हा सांगायला येत नाही.