न्हाणीघराच्या दाराचा इसार

गजभानू राजाच्या वाड्यात न्हाणीघरं तीन, आणि दार एकालाही नाही! राजा आंघोळीला बसला की मोठमोठ्यानं भूपाळी म्हणायचा. आवाज चालू आहे तोवर इकडे कुणी फिरकू नये, एवढाच त्या गाण्याचा अर्थ. राणीसाहेबांना गाता येत नव्हतं, म्हणून त्या तांब्या वाजवायच्या.

हे सगळं झालं एका परगावच्या सुतारामुळे. त्यानं तिन्ही दारांचा इसार आधीच उचलला, "उद्या लाकूड घेऊन येतो" म्हणून गेला, तो गेलाच. त्या दिवशी राजानं हुकूम काढला. काम आधी, पैसा मागून. इसार हा शब्द वाड्यात कुणी काढायचा नाही.

आता राजकन्येचं लग्न महिन्यावर आलं होतं. व्याह्यांची सगळी मंडळी वाड्यातच उतरणार होती. तेव्हा राजानं गावच्या लिंबाजी सुताराला बोलावणं धाडलं.

लिंबाजीची लेक साळू त्याच्या पाठोपाठ निघाली. बाप कामाला वाघ, पण भिडस्त असा की कुणी डोळे वटारले की हा "हो" म्हणून मोकळा. मागच्या दिवाळीत त्यानं असंच पदरचं लाकूड घालून वाड्याला झोपाळा करून दिला होता. पैसे हातात पडले शिमगा उलटल्यावर. तोवर दारची म्हैस विकली गेली होती. चांगली सात शेर दूध देणारी म्हैस! साळू अजून तिच्या रिकाम्या दाव्याकडे बघायची.

"लिंबाजी," राजा सदरेवरून म्हणाला, "महिन्यात तीन दारं लागली पाहिजेत. नाही लागली तर हत्यारं इथं पायरीवर ठेवायची आणि गाव सोडायचं."

लिंबाजीच्या तोंडून "हो" निघणार, तेवढ्यात साळूनं मागून त्याची बंडी ओढली.

"महाराज," तो चाचरत म्हणाला, "सागवान उमरशेटच्या वखारीतून आणायचं. हातात काही ठेवल्याशिवाय तो फळीला हात लावू देत नाही. तेव्हा थोडा इ... म्हणजे थोडं आगाऊ..."

"काढलास तो शब्द!" राजा कडाडला.

"मग लाकूड तरी वाड्यातून द्यावं," साळू म्हणाली.

"ही कोण?"

"लेक माझी, महाराज. जरा तोंडाळ आहे."

"लाकूडही मिळणार नाही. मागं वाड्यासाठी सागवान आणलं, तर त्यातला एक पलंग आमच्या कारभाऱ्यांच्या घरी निघाला."

कारभारी एकदम आढ्याकडे बघू लागले.

राजाला लहर आली. त्यानं पानाचा विडा उचलला. "बरं, पोरी. तू एवढी शहाणी, तर इसार देतो. पण तो असा हवा, की काम करणाऱ्याच्या हाती मोलाचा आणि पळून जाणाऱ्याच्या हाती कवडीचा. खजिना उघडायचा नाही. हा विडा संपेपर्यंत सांग. नाहीतर बाप मुकाट्यानं पदरच्या लाकडानं दारं करील."

राजानं विडा तोंडात टाकला. साळूनं त्याच्याकडे नीट पाहिलं. गळ्यात कंठा. तो वितळवता येतो. बोटात अंगठी. ती कुठल्याही बाजारात खपते. खांद्यावर भरजरी शेला. त्याला तर दहा गिऱ्हाइकं. राजाचा विडा अर्ध्यावर आला.

साळू वळली आणि सरळ सदरेच्या पायरीशी गेली. तिथं सगळ्यांची पायताणं काढलेली होती. मधोमध राजाच्या नव्या मोजड्या. व्याह्यांनी लग्नात मिरवायला म्हणून खास पाठवलेल्या. डाव्या मोजडीवर जरीचा मोर, उजवीवर लांडोर. अख्ख्या गावानं त्या तोंडात बोट घालून पाहिल्या होत्या. साळूनं मोराची मोजडी उचलली, पदरावर ठेवली आणि परत आली.

"अगं ए कार्टे!" कारभारी ओरडले. "पायताण घेऊन सदरेवर येतेस?"

"पायताण कसलं, कारभारीकाका? हा इसार आहे."

राजाचं चावणं थांबलं.

"महाराज, ही वखारीत ठेवली की उमरशेट हवं तेवढं सागवान देतील. मोर कुणाचा हे त्यांना ठाऊक आहे, आणि आपण तो सोडवून नेणार हेही."

"आणि बाप मोजडी घेऊन पळाला तर?"

"एका मोजडीला गिऱ्हाईक कुठलं, महाराज? एका पायाचं माणूस मिळालं, तरी राजाची मोजडी घालून ते फिरेल कुठं?"

सदरेवर खसखस पिकली. राजानं मिशीवरून हात फिरवला.

"अन् दारं लागल्यावर मीच पैसे दिले नाहीत तर?"

"तर लग्नात व्याह्यांसमोर लांडोर एकटीच चालेल," साळू शांतपणे म्हणाली. "दुसरा पाय अनवाणी."

राजाला हसू आवरेना. हसता हसता विडा घशात अडकला, कारभाऱ्यांनी पाठ थोपटली, तेव्हा कुठं त्याला श्वास आला.

"जिंकलीस, पोरी!" तो डोळे पुसत म्हणाला. "अरे, ती दुसरीही आणा. दोन्ही घेऊन जा."

साळू दोन पावलं मागं सरली. "नको, महाराज. जोड हातात आला, तर आमचे आबासुद्धा पळतील."

राजा पुन्हा असा हसला की अंगणातली कबुतरं उडाली.

तिन्ही दारं पंचविसाव्या दिवशी लागली. तेवढे दिवस अनवाणी फिरणारा राजा त्याच सकाळी स्वतः वखारीत गेला आणि मोर सोडवून आणला. लिंबाजीची मजुरी तिथल्या तिथं चुकती झाली. संध्याकाळी साळूच्या दारात वाड्यावरची एक दुभती म्हैस येऊन उभी राहिली. तिच्या गळ्यात राजाच्या मुद्रेची चिठ्ठी होती : "ही बक्षीस. पुढच्या कामाचा इसार वेगळा मिळेल."