मात न झालेला माणूस

“पण बाई, मला आजवर एकाही माणसानं मात दिलेली नाही. मग मी हरलो, असं म्हणायचं तरी कसं?”

बाईंनी लसणाची पाकळी सोलून वाटीत टाकली.

“किती डाव गेले?”

“दोनशे बारा.”

“सगळे...?”

“वेळेवर. म्हणजे, वेळ संपून.”

“आणि मात?”

“एकदाही नाही.”

हे सांगताना माझी मान जरा ताठ झाली असावी. कारण बाईंनी पहिल्यांदाच वर पाहिलं, आणि मग पुन्हा लसणाकडे.

बाई म्हणजे कुमुद रणपिसे. वय अठ्ठ्याहत्तर. साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं ऑपरेटर होत्या. आता मोबाइलवर बुद्धिबळ खेळतात, आणि तिथलं त्यांचं नाव ‘ट्रंककॉल’ असं आहे. आमचा चौदा निवृत्तांचा एक गट आहे, ‘संध्याकाळची प्यादी’. त्यातल्या पाच जणांना बाई शिकवतात. पाचही जण आता मला हरवतात. अर्थात, वेळेवर.

मी संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. खेळताना माझं नाव ‘अपराजित’. ते मी निवडलं तेव्हा मला विनोदी वाटलं नव्हतं.

आठ महिने मी बाईंना विनवत होतो, मला शिकवा. आठही महिने एकच उत्तर यायचं.

“तुमचा मात झालेला एक डाव पाठवा. मग बघू.”

मी जिंकलेले डाव पाठवले. बरोबरीचे पाठवले. माझ्या विचारपद्धतीवर सव्वीस पानांचं टिपण पाठवलं. उत्तर तेच.

म्हणून त्या दुपारी एसटीनं स्वतःच साताऱ्याला आलो होतो. पिशवीत अकरा वह्या होत्या.

“आज काय काढलंत एवढं?” बाई म्हणाल्या.

“गटाच्या करंडकाची अंतिम फेरी चालू आहे. तासगावकरांशी.”

“ठाऊक आहे. एका खेळीला तीन दिवस मिळतात ना?”

“हो. त्यातला एक तास बारा मिनिटं उरलीत.”

“मग खेळा.”

“तेच तर विचारायला आलोय... पण मी स्थिती सांगणार नाही. चालू डावात दुसऱ्याला विचारणं नियमाला धरून नाही.”

“मी विचारलीही नाही.”

“समजा, फक्त समजा हं, एखाद्या माणसाला वजीर देऊन टाकावासा वाटतोय...”

“सर.”

“सॉरी.”

हे सगळं फार पोरकट होत होतं, आणि ते मला कळत होतं. कळूनही थांबता येत नाही, हा माझा जुना आजार आहे. विद्यापीठात माझ्या एका शोधनिबंधाची शेवटची दुरुस्ती एकोणीस वर्षं चालली होती. मी निवृत्त झालो, दुरुस्ती झाली नाही.

बाईंनी वह्यांकडे बोट केलं. “यांत काय आहे?”

“पहिल्या चारांत सुरुवातीच्या खेळी. पाच आणि सहामध्ये शेवटचा खेळ. सातवीत गटातल्या इतरांचे सल्ले.”

“वाचा बरं सातवी.”

मी चष्मा लावला. “देशमाने म्हणतात, रोज पन्नास कोडी सोडवा. कर्वेबाई म्हणतात, कोडी सोडवू नका, हरलेले डाव पुन्हा मांडा. फर्नांडिस म्हणतात, आधी शेवटचा खेळ शिका, सुरुवात आपोआप येते. तासगावकर म्हणतात...” मी थांबलो.

“वाचा की.”

“‘सर, बदाम खा, आणि डाव चालू असताना अंघोळीला जाऊ नका. तुमची अंघोळ झाली की आमच्याकडे ऋतू बदलतो.’”

बाई हसल्या. आवाज न करता. ऑपरेटरची सवय असावी.

“पुढच्या वह्या?”

“आठ ते अकरा या एकाच डावावर आहेत.”

“चार वह्या?”

“वजीर दिला तर चौदा खेळींत मात होते. माझ्या हातून. पहिल्यांदाच. मी तीन मोठ्या कागदांवर सगळ्या शक्यता मांडल्यात. पण एका ठिकाणी मला शंका...” मी घड्याळ पाहिलं. “अठ्ठावन्न मिनिटं.”

“चूक निघाली तर काय होईल?”

“मात होईल. माझी.”

“आणि खेळलाच नाहीत तर?”

“वेळेवर जाईल. ते... वेगळं असतं, बाई. त्यात कोणी मला हरवलं असं होत नाही.”

बाईंनी लसणाची वाटी बाजूला ठेवली. पदराला हात पुसले. मग उठून चहा करून आणला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गॅस सिलिंडरची तारीख लाल पेनानं लिहिली होती. मी ती चारदा वाचली.

“सर, ट्रंककॉल आठवतो?”

“आठवतो ना. नंबर लावून तासन्‌तास बसायचं.”

“तीन मिनिटांचा कॉल असायचा. मी मध्ये कानाला यंत्र लावून बसलेली. ऐकायचं नसायचं, पण ऐकू यायचं. लोक काय बोलायचे माहितीये? कसे आहात, बरे आहोत. पाऊस आहे का, आहे. आंबे मिळाले का, मिळाले. दोन मिनिटं पन्नास सेकंद हेच.”

“आणि मग?”

“मग मी सांगायची, तीन मिनिटं होत आली. की लगेच खरं काय ते बाहेर पडायचं. शेवटच्या दहा सेकंदांत. बाबा गेले. मला पसंत केलं. मी यायला तयार आहे...”

“मग तुम्ही वेळ वाढवून द्यायचात?”

“छे. वाढवली की परत आंबे.”

मी हसलो. मग माझ्या लक्षात आलं की त्या हसत नव्हत्या.

“थांबा,” बाई म्हणाल्या, “जोडून देते.”

“काय जोडून देता?”

त्यांनी आपला मोबाइल उचलला, एक नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन आमच्या मध्ये पाटावर ठेवला.

“हॅलो, बाई! नमस्कार!” आवाज तासगावकरांचा होता. पाटबंधारे खात्यातले निवृत्त कार्यकारी अभियंता. आवाज अजूनही धरणाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारल्यासारखा.

“तासगावकर, सर इथे आलेत. बोला. डावाबद्दल एक अक्षर नाही. तीन मिनिटं.”

मी हातानं नको नको म्हणत होतो. उपयोग झाला नाही.

“अरे वा! सर! जिवंत आहात तर! मी म्हटलं, पेपरात शोकसभेची जागा बघावी.”

“नमस्कार तासगावकर.”

“तिकडे ऊन कसं आहे?”

“आहे.”

“बदाम खाताय ना?”

“चार. भिजवून.”

“सालं काढता का?”

“... काढतो.”

“तरीच! सालातच सगळं असतं हो! कर्वेबाई काय म्हणत होत्या, ऐकलंत का? आपल्या दोघांचा डाव संपेल तेव्हा त्या पेढे वाटणार आहेत. कोणी का जिंकेना. मी म्हटलं, बाई, पेढे आत्ताच करू नका, नासतील.”

“टीका रास्त आहे,” मी म्हणालो.

ते आणखी बोलत राहिले. गुडघा, जावई, फर्नांडिसांनी उंटाऐवजी चुकून हत्ती दिला तो प्रकार. मी हूं हूं करत होतो आणि मनातल्या मनात चौदावी खेळी पुन्हा तपासत होतो.

“तीन मिनिटं होत आली,” बाई म्हणाल्या.

पलीकडे फर्नांडिसांचा हत्ती अर्ध्यावरच राहिला.

“सर...” आवाज एकदम खाली आला. तो तासगावकरांचा आहे हे मला क्षणभर पटेना. “तीन वर्षं करंडक माझ्याकडे आहे. तीनही वर्षं तुमच्याकडून आलाय. कपाटात मी तो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. कोणी विचारलं, कसे जिंकलात, तर काय सांगू? मी बसून राहिलो आणि सरांचं घड्याळ संपलं? सर, मी तुम्हाला तीनदा हरवलं, पण तुम्ही मला एकदाही जिंकू...”

बाईंनी फोन बंद केला.

“बाई! ते बोलत होते!”

“तीन मिनिटं झाली.”

मी एकेक करून अकराही वह्या चाळल्या. तासगावकरांच्या करंडकाचा विचार मी कधी केला नव्हता. अकरा वह्यांत तो कुठेही नव्हता. मला वाटायचं, मी वेळेवर हरतो त्यात कुणाचं काही जात नाही. संख्याशास्त्राच्या माणसाला हे आधी दिसायला हवं होतं. जिथे एकाची हार आहे, त्याच ओळीत दुसऱ्याच्या नावावर काहीतरी लिहिलेलं असतंच.

एकोणीस मिनिटं उरली होती. मी मोबाइल काढला. बाईंकडे पाहिलं. त्या पुन्हा लसूण सोलत होत्या.

“बाई, देऊ का वजीर?”

त्यांनी ऐकलं नाही. किंवा ऐकलं. ऐकायचं नसायचं, पण ऐकू यायचं.

मी वजीर दिला.

क्षणभर तो बाजूच्या घरात पडतो की काय असं वाटलं. पण बरोबर पडला. सात सेकंदांत तासगावकरांच्या हत्तीनं तो घेतला. सात सेकंद! म्हणजे माणूस फोन हातात धरूनच बसला होता.

आता मला नवीन तीन दिवस मिळाले होते. मी वह्या पिशवीत टाकू लागलो. घरी जाऊन नीट...

पण पुढची खेळी कागदावर लिहिलेलीच होती. मी ती खेळलो. घोड्यानं शह. त्यांचा राजा बाजूला सरकला. त्यापुढचीही लिहिलेली होती. घोडा आणखी आत, एकाच वेळी हत्तीवर आणि उंटावर नजर. मी तीही खेळलो! दुपारच्या उजेडात, कोणाच्या तरी घरात, तीन खेळी पाच मिनिटांत. मला आपण चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि फार बरं वाटत होतं.

मग तासगावकरांचा हत्ती सरळ खाली आला. माझ्या शेवटच्या ओळीत.

माझा राजा तिथे कोपऱ्यालगत होता. त्याच्यापुढे तीन प्यादी. राजा सुरक्षित राहावा म्हणून ती मी डावाच्या सुरुवातीपासून हलवली नव्हती. आता त्याला पळायला घर नव्हतं. ती तिन्ही घरं मीच भरून ठेवली होती.

मात.

शाळेतल्या मुलाची होते तशी. पहिल्या महिन्यात शिकवतात ती. तिन्ही कागदांवर ती कुठेच नव्हती.

मोबाइलवर तासगावकरांचे निरोप धडाधड येऊ लागले.

“सर!!”

“जिंकलो! सर, खरंच जिंकलो!”

“करंडक सरळ केला!!”

“हिला सांगितलं. ही म्हणते, इतकं काय, दरवर्षी जिंकता. म्हटलं, तुला नाही कळायचं.”

आणि थोड्या वेळानं,

“पण सर, एक विचारू? ते प्यादं का नाही ढकललंत? दोनच घरं राहिली होती, गेलं की नवा वजीर. मी तीन दिवस त्यालाच घाबरून जेवत नव्हतो.”

मी नववी वही काढली. बावन्नावं पान. माझंच अक्षर.

‘प्यादे एक घर पुढे. सोपे. म्हणून संशयास्पद.’

मी ते बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी या खेपेस आवाज करून हसायला सुरुवात केली, आणि मीही हसलो, आणि चष्मा काढून पुसावा लागला.

“दाखवा,” त्या म्हणाल्या.

मी मोबाइल पुढे केला. त्यांनी पटावरची माझी मात नीट पाहिली. कोपऱ्यालगतचा राजा, तीन प्यादी, खाली आलेला हत्ती. मग उठल्या, कॅलेंडरपाशी गेल्या आणि लाल पेनानं गुरुवारच्या चौकटीत, सिलिंडरच्या खाली, लिहिलं, ‘सर, चार वाजता’.

आठ महिने वाट पाहिली होती.

“बाई... वह्या आणू?”

“लसूण सोलता येतो का?”

“शिकेन.”

तेवढ्यात मोबाइल पुन्हा वाजला. तासगावकरांनी नवा डाव मागितला होता. दहा मिनिटांचा. खाली दोनच चौकोन होते. खेळतो. नको.

“आत्ता नाही,” मी म्हणालो. “आधी या डावाचं विश्लेषण करायला हवं. चूक पहिल्या कागदावर आहे की दुसऱ्यावर, ते बघायला हवं. शिवाय ती तीन प्यादी न हलवण्याचं मूळ मला वाटतं माझ्या स्वभावात आहे, बाई, कारण लहानपणी आमच्याकडे दाराला तीन कड्या होत्या, आणि वडील म्हणायचे...”

मी बोलत होतो. बाई लसूण सोलत होत्या. दोन्ही चौकोन लुकलुकत होते.

“... आणि तिसरी कडी तर गंजलेली, तरी आम्ही ती...”

“सर,” बाई म्हणाल्या, “तीन मिनिटं होत आली.”