उंबरखोऱ्याचा अंगठा

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा वाटांवर मैलाचे दगड नव्हते, माणसं अंतर कोसांत मोजत आणि काळ पिकांवर ओळखत. त्या काळी एका डोंगरी राज्यात उंबरखोरे नावाचं गाव होतं. गाव उंचावर, आणि खालचा कसबा तिथून चार कोस. मधे घाटाची उतरण, दोन ओढे आणि एक निसरडा कडा.

त्या राज्यातल्या राजाने एक चांगला नियम केला होता. दर नऊ गावांची एक सभा असे. प्रत्येक गावाने आपल्यातला एक माणूस निवडून सभेत पाठवायचा. त्याने गावाचं म्हणणं मांडायचं, सभेने ठराव करायचा, ठरावाखाली सभासदांनी अंगठे उठवायचे. नऊपैकी पाच अंगठे उठले की ठराव राजधानीला जाई आणि राजा तो खरा मानी. नियम चांगला होता, यात शंका नाही. पण नियम कितीही चांगला असला तरी तो चालवतात माणसंच.

उंबरखोऱ्याने कोंडाजीला निवडलं. कोंडाजी पन्नाशीचा, घोंगड्या विणणारा. त्याने कधी कुणाची काठी उचलली नव्हती की कुणाच्या बांधावर पाय दिला नव्हता. गाव त्याला तात्या म्हणे. निवडून आल्यावर त्याने एकच मागणी धरली, गावाला वैद्य हवा. वरच्या गावांत कुणी आजारी पडलं तर झोळी करून चार कोस खाली न्यावं लागे, आणि झोळीतली सगळीच माणसं जिवंत खाली पोचत नसत.

ही मागणी राजापर्यंत गेली. राजाने एक वैद्य नेमला आणि हुकूम दिला की त्याने उंबरखोऱ्यातच राहावं.

वैद्य कसब्यात आला आणि कसब्यातच राहिला.

सभेचा प्रमुख हा कसब्यातला मोठा असामी. त्याचे गुडघे दुखत. वैद्याच्या तेलाने त्याला दोन दिवसांत उतार पडला आणि त्याने ठरवून टाकलं की हा माणूस इथून हलायचा नाही. त्याच्या सुनांना, व्याह्यांना, पाहुण्यांना वैद्य हाताशी लागे. डोंगरावरच्या माणसांना तरी वैद्याची एवढी काय निकड, असं तो जेवताना हसत म्हणे.

कोंडाजी दर महिन्याला सभेला जाई आणि वैद्याचं विचारी. प्रमुख त्याला बसायला गालिचा देई, पानाचा विडा पुढे करी आणि म्हणे, "कोंडाजीराव, ठराव झालाच आहे. वैद्य निघायच्या बेतात आहे." एकदा म्हणाला की वाटेवर दरड आली आहे. एकदा म्हणाला की वैद्यालाच ताप आहे. मग कारकून कागद पुढे करी आणि कोंडाजी त्यावर अंगठा उठवी. कागदावर काय लिहिलंय, हे त्याने कधी विचारलं नाही. त्याला वाचता येत नव्हतं आणि विचारायची लाज वाटे. शिवाय आयुष्यात त्याला प्रथमच कुणी राव म्हणत होतं.

असे आठ महिने गेले. तो गावचं गाऱ्हाणं घेऊन खाली जाई आणि सभेची सबब घेऊन वर येई. गाव ती सबब ऐकून घेई, कारण ती तात्याच्या तोंडून येई.

मग गवतकापणीचे दिवस आले. हौसा नावाची तरणी बाई आपली जाऊ चिमा हिच्याबरोबर कड्याजवळ गवत कापत होती. तिचा पाय घसरला आणि हातातला कोयता मांडीत खोल गेला. चिमाने लुगड्याचा पदर फाडून जखम आवळून बांधली. पण रक्त थांबेना. हौसाच्या नवऱ्याने आणि दिराने घोंगडीची झोळी केली, कोंडाजीही खांदा द्यायला धावला, आणि सगळे घाट उतरू लागले. पहिल्या ओढ्यापर्यंत हौसा बोलत होती. आपल्या म्हशीला पाणी पाजायचं राहिलंय, असं ती चिमाला सांगत होती. दुसऱ्या ओढ्यापाशी ती गप्प झाली. कसब्याची वेस दिसली तेव्हा तिचा हात गार पडला होता.

कोंडाजी तसाच प्रमुखाच्या घरी गेला. ओसरीवर प्रमुख पाय पसरून बसला होता आणि वैद्य त्याच्या गुडघ्याला तेल चोळत होता.

कोंडाजीने वैद्याला विचारलं की तू अजून वर का आला नाहीस. वैद्य भ्यायला. तो काही वाईट माणूस नव्हता, फक्त भित्रा होता. खाली मान घालून तो म्हणाला, "मी कागदोपत्री तुमच्याच गावात आहे. तुम्हीच तसं लिहून दिलंय."

कोंडाजीला काही कळेना. तो कचेरीत गेला, कारकुनासमोर उभा राहिला आणि गेल्या आठ महिन्यांचे ठराव मोठ्याने वाच म्हणाला. त्याच्या अंगरख्यावर हौसाचं रक्त होतं. कारकुनाने ते पाहिलं आणि वाचलं. प्रत्येक ठरावात तेच होतं. उंबरखोऱ्यात वैद्य राहतो, रोज औषध देतो, गाव समाधानी आहे. आणि प्रत्येक ठरावाखाली इतर सभासदांच्या अंगठ्यांबरोबर कोंडाजीचा अंगठा होता.

आता सांगा, कुणाचा राग यावा? प्रमुखाचा तर यावाच. पण कोंडाजीला त्या दिवशी सगळ्यांत जास्त राग आला तो स्वतःचा.

हौसाचं दहन झाल्यावर त्याने गावाला देवळापुढे बोलावलं. वाटलं असतं तर तो सगळा दोष प्रमुखावर टाकू शकला असता आणि गावाने तो मानलाही असता. पण त्याने सगळं होतं तसं सांगितलं. गालिचा सांगितला, विडा सांगितला, न विचारता उठवलेले आठ अंगठे सांगितले. हौसाचा नवरा मधेच उठून घरी निघून गेला. कुणी त्याला थांबवलं नाही.

मग चिमा उभी राहिली. ती म्हणाली, "तात्या, अंगठा तुमचा होता आणि रक्त तिचं गेलं. तो अंगठा आम्ही तुम्हाला दिला होता. यापुढे तो कशावर उठणार, ते आधी आम्हाला कळलं पाहिजे."

कोंडाजीने मान खाली घालून होकार दिला. सभेला जाताना गावातल्या गुरवाला बरोबर न्यायचं ठरलं, कारण गावात तेवढ्यालाच वाचता येत होतं.

पुढच्या महिन्यात सभा भरली. प्रमुखाने नवा ठराव आणला होता. कारकुनाने कागद पुढे केला तेव्हा कोंडाजीने तो गुरवाच्या हातात दिला आणि गुरवाने सर्वांसमोर वाचला. त्यात लिहिलं होतं की उंबरखोऱ्यातली एक बाई स्वतःच्या निष्काळजीपणाने दगावली, गावाने वैद्याला वेळेवर खबर दिली नाही, सबब गावाला समज देण्यात यावी.

अशी होती त्या माणसाची हिंमत. मेलेल्या बाईवरही त्याने ठपका ठेवला, आणि तोही तिच्याच गावच्या अंगठ्याने ठेवायला निघाला.

कोंडाजीने अंगठा उठवायला नकार दिला. प्रमुख आधी गोड बोलला, विडा पुढे केला. मग त्याचा आवाज चढला. "काय रे कोंड्या," तो म्हणाला, "अंगठ्याला कधीपासून डोळे फुटले?"

"माणूस मेल्यावर फुटले," कोंडाजी म्हणाला. "आधीच फुटायला हवे होते."

मग तळ्याकाठच्या गावचा म्हातारा कोळी हळूच म्हणाला की माझ्या गावच्या ठरावात काय लिहिलंय तेही वाचा. गुरवाने वाचलं. तळ्यावरची नाव नवी बांधली आहे, असं त्यात होतं. प्रत्यक्षात जुनीच फुटकी नाव अजून चालत होती आणि आदल्या पावसाळ्यात तिच्यातून तिघे बुडाले होते. त्यांतला एक कोळ्याचा भाऊ होता. म्हाताऱ्याने आपला अंगठा मुठीत घातला आणि मूठ मांडीवर ठेवली.

त्याच्यामागून दुसऱ्याने वाचायला सांगितलं, मग तिसऱ्याने. कुठे धान्याचं कोठार होतं, कुठे ओढ्यावरचा साकव होता. सगळं कागदावर होतं आणि कुठेच नव्हतं. त्या दिवशी एकही अंगठा उठला नाही. पुढच्या महिन्यात उठला नाही, त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. प्रमुखाने धाक घातला. कोळ्याच्या गावची जत्रा बंद पाडली. कोंडाजीच्या घोंगड्या कसब्याच्या बाजारात कुणी घेऊ नयेत म्हणून दवंडी पिटवली. कोंडाजीच्या घरी एक वेळ चूल पेटू लागली, तरी मुठी उघडल्या नाहीत.

सभेकडून तीन महिने एकही ठराव आला नाही तेव्हा राजधानीत विचारपूस सुरू झाली आणि राजाचा अमात्य स्वतः कसब्यात आला. प्रमुखाने त्याला ओसरीवर बसवलं, गालिचा घातला. कोंडाजी पायरीशी उभा राहून म्हणाला, "महाराज, इथे बसून सगळंच बरं दिसतं. आमच्या गावी चालत चला."

अमात्य चालत निघाला. घाट चढताना त्याला तीनदा बसावं लागलं. वर पोचल्यावर त्याने वैद्याचं घर दाखवा म्हटलं. दाखवायला घरच नव्हतं. मग तो तळ्याकाठी गेला आणि त्या फुटक्या नावेत स्वतः बसला. काठापासून चार हात जात नाही तोच त्याच्या पायाशी पाणी आलं.

सभा भरवून त्याने जाब विचारला तेव्हा प्रमुख शांतपणे म्हणाला की ठराव माझे नव्हेत, अंगठे यांचे आहेत. कोंडाजी पुढे झाला आणि म्हणाला की हे खरं आहे. "त्याने खोटं लिहवलं. मी ते न विचारता खरं केलं. मलाही शिक्षा करा."

अमात्याने दोघांनाही शिक्षा केली. प्रमुखाचं पद गेलं. त्याने पुन्हा कुठल्याही सभेत पाऊल ठेवायचं नाही, आणि नऊ गावांत जे जे कागदावर होतं ते ते पुरं होईपर्यंत त्या कामांवर इतरांसारखं राबायचं, असा हुकूम झाला. दुखऱ्या गुडघ्यांनी तो साकवाचे वासे वाहताना नऊ गावांनी पाहिला. कोंडाजीला तीन वर्षं सभेत बसायची मनाई झाली. त्याने ती हात जोडून मान्य केली आणि त्याच आठवड्यात गुरवाकडे अक्षरं शिकायला बसला.

उंबरखोऱ्याने त्याच्या जागी चिमाला पाठवलं. ती गालिच्यावर बसली नाही आणि ठराव मोठ्याने वाचल्याशिवाय तिने अंगठा उठवला नाही. पुढे इतर गावांनीही तीच रीत धरली.

वैद्य वर राहायला आला. त्या हिवाळ्यात लाकूड तोडताना एकाच्या पायावर कुऱ्हाड बसली. वैद्याने धावत जाऊन रक्त थांबवलं, जखम शिवली, आणि महिन्याभरात तो माणूस चालू लागला. गावाला आनंद झाला. हौसाच्या नवऱ्याने ती बातमी अंगणात उभं राहून ऐकली, मग तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. कोंडाजीशी तो पुढे आयुष्यभर बोलला नाही, आणि कोंडाजीने त्याला कधी दोष दिला नाही.

म्हणून लहानांनी आणि थोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: लोकांनी ज्याला आपल्या वतीने बोलायला पाठवलं, त्याने न विचारता दिलेला होकार हा लबाडाच्या खोटेपणाइतकाच जीवघेणा असतो.