केरबाचे सहा स्पीकर

आमच्या शेजारच्या गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगाल तेवढंच करायचा आणि सांगाल तसंच करायचा.

त्याची बायको शालन भजनी मंडळात मुख्य गाणारी. मंडळाचं रेकॉर्डिंग ऐकायला जिल्ह्याच्या स्पर्धेच्या परीक्षक इनामदारबाई पाच वाजता घरी येणार होत्या. त्यांना आवडलं तरच मंडळ स्पर्धेत जाणार. शालनच्या भावाने, बबनने, आपल्या दुकानातून टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर आणि सहा स्पीकर पाठवले. केरबाने ते जोडले. टाळ वाजले, मृदंग वाजला. शालनचा आवाज मात्र गायब!

केरबाने बबनला फोन लावला.

"दाजी, मधल्या स्पीकरची वायर ढिली असेल. ओढून बघा."

केरबाने ओढली. हातातच आली.

"अहो, घट्ट बसवा! जागची हलता कामा नये."

"बरं."

"आता माऊस घ्या. सेटिंगमध्ये दोन स्पीकर असेल, तिथे सहा करा."

"माऊस हलत नाही, बबनराव. चिकटपट्टीने टेबलाला घट्ट बसवलाय."

"दाजी! तो फिरवायचा असतो."

"बरं."

सहा झाले.

"आता स्पीकर कसे आहेत?"

"फिरवले. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे."

बबनने कपाळाला हात लावला. "ते सरळ करा आधी! आणि चाचणी लावा. एकेक स्पीकर बोलेल."

पाच बोलले. मधला गप्पच.

"मग तोच बिघडलाय. ज्याचा आवाज येत नाही तो रिक्षात घालून दुकानात पाठवा. दुसरा देतो."

हे मात्र केरबाने बिनचूक केलं. दुसरा स्पीकर आला, सहाही बोलले. शालनने देवापुढे साखर ठेवली.

पाच वाजता मंडळ जमलं. इनामदारबाई मधल्या खुर्चीत बसल्या. समोरून शालनचा आवाज, मागून टाळ. बायका डोळे मिटून डोलायला लागल्या, रेकॉर्डिंगबरोबर गुणगुणायला लागल्या. केरबा एकेकीजवळ कान नेत खोलीभर फिरला.

भजन संपलं. शालनने डोळे उघडले. मधली खुर्ची रिकामी!

"अहो, बाई कुठे गेल्या?"

केरबा फोनवर होता.

"बबनराव, दुपारसारखंच झालं बघा. बाकी सगळ्यांचा आवाज येत होता, मधल्या बाईच गप्प. रिक्षात घालून पाठवल्यात तुमच्याकडे. निघताना जरा आवाज आला त्यांचा, पण तोवर रिक्षा सुटली होती. आता दुसऱ्या लवकर पाठवा, शालन खोळंबलीय."