सरदारांची पहाटफेरी

सरदार रणनवरे वैद्य धोंडंभटांच्या सांगण्यावरून रोज पहाटे माळावर फिरायचे, तरी छातीतली धडधड काही जाईना. सोबत कारभारी असायचा, गावभरची भांडणं कानावर घालत.

एके दिवशी सरदार परतले ते चिडूनच. "धोंडंभट, उद्यापासून गढीची पायरी चढू नका."

वैद्यांचं सगळं घर त्या गढीवर चालायचं. तेवढ्यात दौडून आलेला घोडा दिसला. ते घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराला म्हणाले, "खोगीर, ओझं तसंच ठेवून फिरव त्याला."

"वेड लागलं का? ओझं उतरवल्याशिवाय जनावराला आराम कसा पडेल?" सरदार गरजले.

"मग सरकार, आपण कारभाऱ्यांना पाठीवर घेऊन का फिरता?"

सरदार खळखळून हसले. "कारभारी, तुम्ही न्याहारीनंतर येत जा. वैद्यबुवा, पहाटे सोबतीला तुम्ही या. पण चकार शब्द काढायचा नाही."